लाकडी पक्षी आणि बटाट्याचा गोळा

आमच्या हासेलबेके गावात राजा व्हायला कोणी तयार नसतं, आणि तरी दरवर्षी कोणीतरी होतोच.

उन्हाळ्यात नेमबाज मंडळाची जत्रा भरते. उंच खांबावर फळ्यांची एक मोठी पेटी असते, तिच्या तोंडाशी लाकडी गरुड ठोकलेला असतो. सभासद पाळीपाळीने त्याच्यावर बंदूक झाडतात. ज्याच्या नेमाने गरुडाचा शेवटचा तुकडा खाली पडेल, तो वर्षभराचा राजा. राजाच्या गळ्यात चांदीची साखळी घालतात. मग त्याने आजूबाजूच्या प्रत्येक गावच्या जत्रेत मिरवायचं, ऐंशी वर्षं पूर्ण करणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्यासमोर दोन शब्द बोलायचे, आणि अग्निशमन दलाने नवा पंप आणला की त्या पंपाचंसुद्धा अभिनंदन करायचं. राजाने गाव सोडून जाऊ नये असं मंडळाच्या नियमांत कुठेही नाही. पण गेलेला राजा आजवर कोणी पाहिलेला नाही, आणि न घडलेली गोष्ट आमच्याकडे नियमापेक्षा जड असते.

म्हणून सकाळी जत्रेला रंग चढतो. गरुडाचा मुकुट, पंख, शेपूट उडवायला रांगा लागतात, कारण त्यासाठी नुसतं बक्षीस असतं, राज्य नसतं. दुपारी गरुडाचा ठोकळा उरला की माणसं आजारी पडू लागतात. कोणाच्या डोळ्यात कचरा जातो, कोणाची गाय अचानक विते. जे उरतात ते नेम चुकवतात. बंदूक लोखंडी घोडीवर घट्ट बसवलेली असते. ती असताना न लाजता चुकवायला खरी कला लागते. ही कला आमच्यात बापाकडून मुलाकडे येते.

अन्सगारकडे ही कला नव्हती. त्याला नेम चुकवता येत नसे.

अन्सगार म्हणजे तोच, गॅरेजवाला. चाळिशी उलटलेला, रुंद, दाढीवाला माणूस. तो घरी बेचक्या बनवतो, त्या बेचक्यांतून भलभलत्या वस्तू फेकतो आणि त्याचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकतो. सुरुवातीला साध्या लाकडी बेचक्या होत्या. पण प्रेक्षकाला एकदा गोटी दाखवली की त्याला पुढच्या वेळी नारळ हवा असतो. मग संडासाचे ब्रश फेकणारी बेचकी आली. मग काटेचमचे फेकणारी आली, पॅनकेक फेकणारी आली, आणि शेवटी व्यायामाच्या सायकलचे पेडल मारून रबर ताणणारं, बाबागाडीच्या चाकांवर उभं असलेलं एक धूड आलं. ब्राझीलपासून कोरियापर्यंत लोक त्याला ओळखत. आमच्या गावातले लोक ब्राझीलला ओळखत नव्हते, त्यामुळे अन्सगारला एकदम मान द्यायला लागले.

तो स्वतः मात्र कंटाळला होता. गेली काही वर्षं त्याला एकच इच्छा होती: खिडकीशी बसावं आणि काहीही फेकू नये.

ती खिडकी कुक्सहाफेनला होती, समुद्रावर, आणि खिडकीची मालकीण होती वीबके. वीबके तिथल्या माशांच्या लिलावघरात बोली पुकारते. लिलावघरावर सीगल फार धाड घालत, म्हणून तिने एकदा अन्सगारला लिहिलं होतं, की पक्ष्यांना पळवून लावणारं एखादं यंत्र आहे का. अन्सगार यंत्र घेऊन गेला आणि त्याने सीगलांच्या दिशेने शिळे हेरिंग मासे फेकले. सीगलांनी ते वरच्या वर झेलले आणि नातेवाइकांना बोलावून आणलं. यंत्र फसलं, पण अन्सगार दर महिन्याला कुक्सहाफेनला जायला लागला. पुढच्या शरदात कायमचा येतो, असं तो तिला म्हणे. पुढचा शरद आला की त्याच्यानंतर आणखी एक शरद असतोच.

या वर्षी वीबकेने फोनवर सांगितलं, "जत्रेच्या रविवारी मी ट्रेलर घेऊन येते. तुझी गादी, कपाट आणि तू. सोमवारी पहाटे माझा लिलाव आहे, त्यामुळे रात्रीपर्यंत परत पोचायचंय. तू नाही बसलास तर गादी तेवढी नेते, आणि मग आपला विषय संपला. रडारड नको."

"बसतो," अन्सगार म्हणाला.

त्याने गावात कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निरोपसमारंभ झाला असता, आणि निरोपसमारंभ होऊन आमच्या गावातून कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. पण गुरुवारी बेकरीवाल्या कास्परने त्याची गादी दोरीने बांधलेली पाहिली. दोरीने बांधलेली गादी पाहिल्यावर माणूस जो निष्कर्ष काढतो तो कास्परने पाव भाजेपर्यंत अख्ख्या गावाला विकला.

त्याच दिवशी मंडळाचा कर्नल हेरिबर्ट अन्सगारच्या गॅरेजात आला. कर्नल म्हणजे मंडळातला. सैन्यात असताना त्याने बटाटे सोलले होते. मंडळात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, पाद्रीबुवासुद्धा. आणि आमच्याकडे बोलताना शेवटी 'होय ना' म्हणायची पद्धत आहे. त्याला उत्तर द्यायचं नसतं.

"काय रे, रविवारी काय फेकतोयस?" हेरिबर्टने विचारलं.

"काही नाही. रविवारी मी फक्त बघणार."

"बटाट्याचा गोळा फेक."

"गोळा?"

"माझ्या बायकोचा. रविवारच्या जेवणातला. भिंतीला मारलास तर भिंत माफी मागेल. मानाचा नेम तुझा, होय ना."

मानाचे नेम म्हणजे जत्रेचे पहिले नेम. एक पाद्रीबुवांचा, एक महापौरांचा. तेव्हा गरुड अख्खा असतो, त्यामुळे मान मिळतो आणि धोका नसतो.

"मानाचे नेम सकाळीच असतात ना?" अन्सगारने विचारलं. तो मूर्ख नव्हता.

"सकाळीच रे! अख्खा गरुड. बटाट्याने त्याचं पीसही हलायचं नाही. तुझ्या त्या फोनवरून जगाला दिसू दे हासेलबेके. नाहीतरी आता..." हेरिबर्टने कोपऱ्यातल्या गादीकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच ठेवलं.

अन्सगारला लाज वाटली. ज्या गावाला न सांगता जायचंय त्याला निदान एक बटाटा तरी द्यावा, असा त्याने विचार केला. आमच्या गावात बहुतेक माणसं याच विचाराने अडकलेली आहेत.

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. पाद्रीबुवांनी मानाचा नेम मारला, तो ढगाला लागला. महापौरांचा नेम लागला नाही, पण टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या. मग अन्सगार आपलं बाबागाडीवरचं धूड ढकलत पुढे आला. तिवईवर फोन लावला. हेरिबर्टने घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

"अमेरिका झोपलीय," तो म्हणाला.

"काय?"

"अरे, आत्ता तिथे रात्र. तुझे सगळे लोक अंथरुणात. बिचारे उठतील आणि त्यांना शिळं दिसेल. दुपारी करू. दुपारी सगळं जग जागं असतं, होय ना."

"दुपारी गरुड उरणार नाही."

"आमच्याच्याने? तू आमचे नेम पाहिलेत कधी?"

सगळे हसले. अन्सगारही हसला, कारण हसणाऱ्या माणसांत न हसणं त्याला कधी जमलं नव्हतं.

बाराला मुकुट गेला. मग पंख गेले, शेपूट गेली. त्या वर्षीचं लाकूड फार मऊ होतं असं लोक नंतर म्हणाले. गरुड आतून आधीच करवतला होता असं मी म्हणत नाही. करवत कोणाची होती हे मला माहीत नाही. जेवणं झाली तेव्हा खांबावर फक्त एक ठोकळा राहिला होता, तोही एका खिळ्यावर. मग नेहमीप्रमाणे आजारपणं सुरू झाली. जे उभे राहिले त्यांच्या गोळ्या आजूबाजूच्या फळ्यांत गेल्या, आकाशात गेल्या, एक तर शेजारच्या कुरणात गेली.

त्याच वेळी वीबके ट्रेलर घेऊन आली. गाडी तिने जत्रेच्या तंबूमागे लावली. अन्सगारची गादी आणि कपाट चढवून झालेलं होतं. घरी फक्त एक खुर्ची उरली होती आणि ती घरात येणाऱ्या नव्या भाडेकरूंनी मागून घेतली होती.

"झालं का तुझं?" वीबकेने विचारलं.

"अजून नाही. अमेरिका झोपली होती."

वीबकेने खांबाकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं, रांगेत उभ्या असलेल्या आणि घाम पुसणाऱ्या पुरुषांकडे पाहिलं. लिलावात माणसं बोली लावायची टाळतात तेव्हा अशीच दिसतात, त्यामुळे तिला सगळं लगेच कळलं.

"चुकव आणि चल," ती म्हणाली.

"चुकवू? अगं, सगळे बघताहेत."

"मग काय झालं?"

"मी कधी चुकत नाही."

"आज चूक. माझ्याकडे दर सोमवारी मोठमोठी माणसं चुकतात, कोणी मरत नाही."

तेवढ्यात हेरिबर्टने भोंग्यातून पुकारलं, "अमेरिका उठली!"

अन्सगार यंत्रावर बसला. पेडल मारायला लागला तसं रबर करकरत मागे गेलं. हेरिबर्टच्या बायकोने स्वतःच्या हाताने गोळा आणून खोबणीत ठेवला. पिवळसर, घट्ट, अजून थोडा कोमट. अन्सगारने आयुष्यात पहिल्यांदा न लागण्यासाठी नेम धरला. पेटीच्या उजव्या कडेच्या फळीवर एक काळी गाठ होती. ठोकळ्यापासून ती चांगली हातभर लांब होती. त्याने त्या गाठीवर डोळा लावला आणि कळ ओढली.

गोळा गेला तो नेमका त्या गाठीवर जाऊन फुटला. पेटी हादरली. बटाटा चारी बाजूंनी उडाला. ठोकळा जागच्या जागी.

गर्दी हळहळली. फोनच्या पडद्यावर हजारो माणसं हसत होती, रडकी तोंडं पाठवत होती. अन्सगारने त्यांच्यापुढे वाकून हात पसरले. "मित्रांनो, चुकलो!" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका आनंद होता की तो हरलेला माणूस आहे यावर कोणी विश्वास ठेवला नसता. वीबकेने गाडीची किल्ली काढली.

"पुढचा!" हेरिबर्ट ओरडला. "कास्पर!"

कास्पर बेकरीवाला बंदुकीजवळ गेला, आणि तिथे त्याला बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. तो खाली वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या, तरी तो बराच वेळ बांधत राहिला.

तेवढ्या वेळात ठोकळा थोडा कलला. मग आणखी थोडा कलला. त्याला घाई नव्हती. आणि मग तो सावकाश सुटला आणि गवतावर टप्पकन पडला.

आमचा नियम असा, की पुढची गोळी सुटेपर्यंत जे पडेल ते मागच्या नेमबाजाचं. हा नियम लहान मुलालाही पाठ असतो. अन्सगारला पाठ होता. तो वाकलेल्या अवस्थेतच राहिला, हात पसरलेले, आणि आमच्या माणसांनी त्याला त्याच अवस्थेत खांद्यावर घेतलं.

साखळी घालायच्या आधी कर्नल दरवर्षी एक प्रश्न विचारतो. हेरिबर्टने विचारला, "अन्सगार, स्वीकारतोस का? नाही म्हणता येतं. कोणी अडवत नाही. आजवर कोणी म्हटलेलं नाही, पण म्हणता येतं."

खरोखरच म्हणता येतं. दाराला कडी नसते. अन्सगारने खाली पाहिलं. चारशे माणसं मान वर करून बघत होती. ज्यांच्या खांद्यावर तो होता ते जड वजनाने डुगडुगत होते. आणि बँड उभा होता, तोंडाला वाद्यं लावून, पोटभर श्वास आत घेऊन. अन्सगार बोलला की तो श्वास बाहेर यायचा होता. टूबाचं भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा बेर्नवार्ट सत्तरीपुढचा, त्याचे गाल भोपळ्यासारखे फुगले होते, कपाळ लाल होत चाललं होतं.

"हो," अन्सगार म्हणाला.

बँड फुटला. साखळी गळ्यात पडली. हेरिबर्ट त्याच्या कानात ओरडला, "राणीचं नाव सांग! मिरवणुकीच्या आधी राणी लागते!"

"राणी बाहेरगावची आहे," अन्सगार म्हणाला, "तिला आणतो," आणि खांद्यांवरून घसरला. गर्दी बाजूला झाली. राजाला वाट करून द्यायची आम्हाला सवय आहे. तो तंबूमागे गेला तेव्हा वीबके गाडीत बसून इंजिन चालू करून तयार होती.

"चालव," तो म्हणाला.

"तू 'नाही' का म्हणाला नाहीस?"

"बँड श्वास धरून उभा होता गं."

"मग?"

"मग काय? बेर्नवार्टचं वय बघ."

वीबकेने गाडी हलवली. ट्रेलर मागे खडखडला. साखळी अन्सगारच्या पोटावर वाजली. ती काढायची राहिली होती, आणि आता काढावी तर मागच्या आरशात लोक दिसत होते.

लोक दिसत होते कारण लोक येत होते. राजा राणीला आणतो म्हणाला, राजा गाडीत बसला, गाडीत बाई दिसली. यातून आमच्या माणसांनी जे समजायचं ते समजलं. मंडळाच्या हिरव्या कोटांच्या तीन रांगा ट्रेलरमागे लागल्या. बँड कुरणातून आडवा धावत गेला आणि गाडीच्या पुढे येऊन उभा राहिला. ढोल वाजला. मिरवणूक निघाली.

"हे काय आहे?" वीबके म्हणाली.

"मिरवणूक."

"मला कुक्सहाफेनला जायचंय."

"हॉर्न वाजव."

वीबकेने हॉर्न वाजवला. बँडने त्याला उत्तर म्हणून आणखी जोरात सुरावट धरली. पुढे बायका फुटपाथवर टेबलं घालून बसल्या होत्या, त्यांनी रुमाल हलवले. एका म्हातारीने खिडकीतून ट्रेलरमधल्या गादीकडे बोट दाखवून कोणालातरी काहीतरी सांगितलं आणि दोघी डोळे पुसायला लागल्या. गाडी ढोलाच्या चालीने चालली होती. यापेक्षा कमी वेगाने गाडी चालवायची तर ती उचलून न्यावी लागते.

"पुढे चौक आहे," अन्सगार कुजबुजला. "उजवीकडे तंबू. डावीकडे घाट चढला की मोठा रस्ता. बँड उजवीकडे वळतो. दरवर्षी वळतो. तू डावीकडे घे."

चौक आला. अग्निशमन दलाच्या माणसाने डावा रस्ता अडसर टाकून बंद केला होता. बँड उजवीकडे वळला. वीबकेने डावा दिवा लावला. दलाच्या माणसाने साखळी पाहिली, टाचा जुळवल्या, आणि अडसर उचलला.

"बघ," अन्सगार म्हणाला. "कोणी अडवत नाही."

गाडी घाटाला लागली. पाठीमागे वाद्यं थांबली. क्षणभर फक्त इंजिनचा आवाज, आणि दोन्ही बाजूंनी फरची झाडं. वीबकेने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग मागे हेरिबर्टचा भोंगा ऐकू आला: "राजाने नवीन वाट धरलीय! मागे वळा, पळत चला!"

घाट चढा आहे आणि भरलेला ट्रेलर जड. गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती. बँडची माणसं दोन्ही बाजूंनी धावत पुढे आली. आधी बासऱ्या, मग तुताऱ्या, मग ढोल. गाडीपुढे येऊन त्यांनी रांग धरली आणि चढावर मिरवणुकीची सुरावट सुरू केली. सगळ्यांत शेवटी खिडकीशेजारून बेर्नवार्ट आला, टूबा खांद्यावर, बूट फरपटत. त्याने आत राजाकडे पाहून मानेने सलाम केला. त्याच्या तोंडाचा रंग जांभळा झाला होता. मग त्याने टूबा तोंडाला लावला.

"हे कुठपर्यंत येतील?" वीबकेने विचारलं.

अन्सगारने विचार केला. "तू जाशील तिथपर्यंत."

"समुद्रापर्यंत?"

"कोणीतरी थांबा म्हणेपर्यंत."

"मग म्हण!"

"मी राजा आहे गं. राजाने 'थांबा' म्हटलं तर ते विचारतील, 'का?'"

टूबातून एक सूर निघाला, मग अर्धा निघाला, मग नुसती हवा आली. बेर्नवार्ट पाय टाकतच होता. वीबके त्याच्या मानेच्या फुगलेल्या शिरेकडे बघत होती. तिने लिलावात पुष्कळ मासे तडफडताना पाहिलेत, तिचं काळीज काही लोण्याचं नाही.

"शी," ती म्हणाली आणि ब्रेक दाबला.

गाडी थांबली तशी मिरवणूक थांबली. बेर्नवार्ट गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. बराच वेळ त्याचाच श्वास ऐकू येत होता. हेरिबर्ट खिडकीशी आला, टोपी काढून.

"अहो बाई, काही बिघडलं का?"

"गाडी वळवायचीय," वीबके म्हणाली. "इथे ट्रेलर वळत नाही."

"एवढंच ना!"

दोघा हिरव्या कोटवाल्यांनी ट्रेलर सोडवला. आठ जणांनी तो गादी-कपाटासकट उचलून उताराकडे फिरवला. वीबकेने गाडी वळवली आणि ट्रेलर परत जोडायची वाट बघत बसली. पण ट्रेलर जोडायला कोणी आलं नाही. हिरव्या कोटांची माणसं तो हातांनीच ढकलत खाली निघाली होती, राजाचं सामान म्हणून, चालीत, तंबूकडे. त्यात बेर्नवार्टला गादीवर बसवलं होतं.

अन्सगारने वीबकेकडे पाहिलं. तिने समोर बघतच त्याची साखळी सरळ केली, मधला गरुड वर आणला.

हेरिबर्ट अजून खिडकीशी होता.

"हे बघा," वीबके त्याला म्हणाली, "उद्या पहाटे माझा लिलाव आहे. सोमवारी मला काम असतं."

"सोमवारी कसलं काम गं?" हेरिबर्ट म्हणाला. "सोमवारी राणीची न्याहारी असते, होय ना."